सिंधूबाईनं दार लावलं

हौशीरामनं लांब दांड्याच्या डावानं काहिलीतली उकळती काकवी उचलली आणि बायकोच्या अंगावर फेकली, तेव्हा खुटबावच्या त्या गुऱ्हाळावर भर दुपारी बरीच माणसं कामाला होती. कारण एवढंच की भाकरी आणायला तिला उशीर झाला होता. सिंधूबाई झटकन वळली म्हणून तोंड वाचलं. काकवी उजव्या खांद्यावरून पाठीवर ओघळली. ती एकदा चिकटली की सुटत नाही, सुटली तर कातडं घेऊनच सुटते. कुणीतरी तिच्या अंगावर बादलीभर पाणी ओतलं. कुणीतरी म्हणालं, "हौश्या, लई झालं हां." मग गुळाची वेळ चुकेल म्हणून माणसं पुन्हा काहिलीकडं वळली.

हौशीराम तिथं चुलवाणात चिपाडं घालून जाळ धरायचं काम करायचा. बायकोला मारायला त्याला दारू लागत नसे. चप्पल, ऊस, पट्टा, हाताला लागेल ते चालायचं. सासू चुलीपुढून न उठता सांगायची, "दमलेला असतो गं. उलटून बोलू नगं." सिंधूबाई उलटून बोलत नसेच. तरी मार होताच.

दवाखान्यातून सोडलं तेव्हा ती सासरी परतली नाही. पाठीला जाळीचं फडकं गुंडाळलेलं, कडेवर लहानगा विक्रम. चौफुल्याला जीप धरली, न्हावऱ्यावरून तळेगाव ढमढेऱ्याला उतरली आणि तिथून केंदूरला, माहेरी. वाटेत पाठ टेकवता येत नव्हती म्हणून सगळा रस्ता ती पुढं वाकून बसली होती. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय झालं ओ?" तर म्हणाली, "भाजलं."

आई-वडील गेलेले. घर भावाचं, रखमाजीचं. रखमाजीनं पाठ पाहिली आणि दात खाल्ले. "ऱ्हा हितं," तो म्हणाला, "पर घरात जागा न्हाई. गोठ्यामागं शेड हाय, तिथं सोय कर."

आठ-पंधरा दिवसांनी हौशीराम तिला न्यायला आला. रखमाजीनं त्याला गोठ्यातल्या खुंट्याला बांधलं आणि बैलाच्या कासऱ्यानं फोडून काढलं. हौशीराम माफी मागत होता, ओरडत होता, शेवटी नुसता कण्हत होता. सिंधूबाई शेडच्या दारात उभी राहून बघत होती. तिला बरं वाटलं. त्या दिवशी भाऊ तिला देवासारखा वाटला. हौशीराम पुन्हा आला नाही. पुढं तो दुसरी बाई करून बारामतीकडं गेला असं कळलं, आणि तिच्या आयुष्यातून तो संपला.

पण त्या शेडमध्ये तिची तरणी वर्षं गेली. कांदा लागण, खुरपणी, काढणी, लोकांच्या रानात मिळेल ते काम. भावाच्या घरची शेणघाणही तिच्याकडंच. तिनं भावाकडं कधी काही मागितलं नाही, म्हणून सगळं सुरळीत होतं. मागितलं त्या दिवशी बदललं.

झालं असं, की ग्रामसभेत घरकुलासाठी नावं वाचली, त्यात नवऱ्यानं टाकलेली, बेघर बाई म्हणून सिंधूबाईचं नाव निघालं. घराला सरकार मदत देणार होतं, पण बांधायला स्वतःची जागा हवी. ती संध्याकाळी भावाकडं गेली. रखमाजी ओट्यावर जेवत होता.

"दादा, आपल्या वडिलांच्या रानातला एक गुंठा दे. कडंचा दिला तरी चालंल. घर बांधते."

रखमाजीनं हातातला घास ताटात ठेवला. "वाटा मागतीस व्हय?"

"वाटा न्हाई रं. एक गुंठा."

"आज गुंठा, उद्या एकर!"

तो उठला आणि तिच्या केसांना धरून तिला ओट्यावरून खाली ओढलं. अंगणातून फरफटत शेडपर्यंत नेलं. तिचे हंडे, डबे, अंथरूण एकेक करून उकिरड्यावर फेकलं. विक्रम तेव्हा दहावीला होता. तो मामाच्या हाताला लोंबकळला, तर मामानं त्याच्या कानाखाली अशी दिली की पोरगं गव्हाणीवर जाऊन आपटलं. ज्या हातानं हौशीरामला फोडलं होतं, तोच हात होता. सिंधूबाईला त्या दिवशी कळलं की त्या हाताला ती बहीण म्हणून कधी दिसलीच नव्हती. त्याच्या दारात येऊन कुणी आवाज केलेला त्याला चालत नव्हता, एवढंच.

मायलेकरं शाळेच्या पडवीत राहिली. गावात हौसराव आबांचा शब्द चालायचा. पंचायतीत ते वर्षानुवर्षं सदस्य होते. त्यांनी पुढच्या बैठकीत सांगितलं, "जुना कोंडवाडा ओसच पडलाय. आता जनावरं कोण कोंडतंय? ती जागा द्या तिला." ठराव झाला. पण त्या ओसाड जागेवर रखमाजी कडबा रचायचा, ट्रॉली लावायचा. शिवाय बहिणीचं वेगळं घर गावातच उभं राहणार, म्हणजे येणारा-जाणारा विचारणार की भावानं हाकलली काय. त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं, "पाया खांदून दावावा."

सिंधूबाईनं पाया खांदला. गवंडी नंतर येणार होता, पण चर तिनं आणि विक्रमनंच काढले. एका सकाळी ती चरात उतरून माती उपसत असताना रखमाजी पहार घेऊन आला. आदल्या दिवशी रचलेला कोपऱ्याचा दगड त्यानं पहारीनं उखडला.

"भायेर निघ."

ती चरात खाली बसली. "न्हाई निघत."

"सिंधे, गाडीन हितंच."

"गाड."

त्यानं उखडलेला दगड दोन्ही हातांनी उचलून चरात टाकला. डोक्यावर आला असता तर गोष्ट तिथंच संपली असती. तो मानेजवळ बसला. गळ्याखालचं हाड मोडल्याचा आवाज वर उभ्या असलेल्या विक्रमलाही ऐकू गेला. ती ओरडली नाही, उठलीही नाही. मातीत बसून राहिली, आणि रखमाजी दुसरा दगड उचलतो आहे हे बघत राहिली. विक्रमनं किंचाळून गाव गोळा केलं, तेव्हा कुठं चार माणसांनी रखमाजीला धरलं.

दवाखान्यात तिच्या खाटेशी एक तरुण बाई येऊन बसली. शिरूरच्या महिला समुपदेशन केंद्रातली अनुपमा. मार खाल्लेली बाई आली की डॉक्टर अनुपमाला फोन करत.

"मावशी, कुणी मारलं?"

"दगड पडला."

अनुपमानं पाण्याचा पेला तिच्या तोंडाला लावला, उशी सरकवली आणि जाताना म्हणाली, "मी उद्या येते. उद्या परत विचारीन." दुसऱ्या दिवशी ती खरंच आली, आणि सिंधूबाईनं आयुष्यात पहिल्यांदा मारणाऱ्याचं नाव बाहेरच्या माणसापुढं घेतलं. अनुपमा तिला घेऊन ठाण्यात गेली. रखमाजीवर गुन्हा दाखल झाला, तो जामिनावर सुटला, पण कोंडवाड्याकडं फिरकला नाही. पाया पूर्ण झाल्यावर घरकुलाचे साहेब फोटो काढायला आले. घर जिचं तिनं शेजारी उभं राहायचं असतं. त्या फोटोत सिंधूबाई हात गळपट्टीत अडकवून पायावर उभी आहे.

घर झालं. एक खोली, स्वयंपाकाची जागा, न्हाणी-संडास, वर स्लॅब, पुढं लोखंडी दार. भिंतीवर योजनेची पाटी आणि पाटीवर तिचं नाव.

विक्रम गुणी निघाला. आयटीआय केलं आणि सणसवाडीकडच्या एका कारखान्यात कंत्राटी लागला. आईला रानात जाऊ नको म्हणायचा. ती जायचीच. सोयरीक आली ती नेमकी खुटबावची. मुलगी अक्षदा, बारावी शिकलेली, बोलायला चटपटीत. तिची आई विठाबाई घर बघायला आली. चहा झाल्यावर पुरुष बाहेर गेले, तशी विठाबाईनं सिंधूबाईचा हात धरला.

"ताई, आमच्या गावातच तुमचं काय झालं ते म्या ऐकलंय. एकच विचारते. पोरगा बापावर न्हाई ना गेला?"

"न्हाई," सिंधूबाई म्हणाली. "माझ्यावर गेलाय."

तिचा स्वतःचा त्यावर पुरता विश्वास होता. लग्न झालं.

वर्ष बरं गेलं. मग कारखान्यानं विक्रमला ब्रेक दिला. कंत्राटी पोरांना काही महिन्यांनी काढतात, पुन्हा घेतात, तसं. या वेळी पुन्हा घेतलं नाही. घरात बसवेना म्हणून अक्षदा गावाजवळच्या भाजीच्या रोपवाटिकेत ट्रे भरायला जाऊ लागली. कामाची वेळ बदलली की तिथल्या सुपरवायझरचा फोन यायचा. त्या फोनवरून सुरू झालं.

पहिली थोबाडीत सिंधूबाईनं न्हाणीतून ऐकली. बाहेर आली तर अक्षदा गालाला हात लावून उभी होती आणि विक्रम चप्पल घालून निघाला होता. सिंधूबाईनं सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "डोक्याला ताप हाय त्याच्या. उलटून बोलू नगं."

बोलून झाल्यावर तिला ते शब्द ओळखू आले. खुटबावच्या चुलीपुढची ती म्हातारी तिच्याच तोंडून बोलली होती.

त्यानंतर ती मध्ये पडू लागली. विक्रम हात उचलायचा, ती आडवी व्हायची, तो आईला बाजूला सारून बायकोला मारायचा. अक्षदाला मुलगी झाली, राजनंदिनी, तेव्हा वाटलं, आता निवळेल. पोरगी रांगायला लागली आणि एका दुपारी त्यानं चार्जरच्या वायरनं अक्षदाला मारलं. पोरगी तिच्या मांडीवर होती. एक वळ पोरीच्या पोटरीवर उठला. सिंधूबाईनं दुसऱ्या दिवशी सुनेला आणि नातीला घेऊन शिरूर गाठलं, अनुपमाच्या केंद्रात. अनुपमानं विक्रमला बोलावून घेतलं. तो आला, खाली मान घालून बसला. "चुकलं म्याडम. टेन्शन होतं. परत न्हाई व्हणार." अनुपमानं त्याला रागावर काय करायचं ते समजावलं, पुन्हा भेटायला यायचं ठरवून दिलं. मग अक्षदाला बाजूला घेऊन म्हणाली, "त्यानं कबूल केलं म्हणून गाफील राहू नका. फोन जवळ ठेवा."

घरी पोचल्याबरोबर विक्रमनं दाराला कडी घातली. "घरातलं चावडीवर नेता व्हय गं दोघी?" अक्षदाचं डोकं त्यानं भिंतीवर आपटलं. सिंधूबाई मध्ये गेली, तर तिलाही ढकललं. ती पडली ती कपाटावर. आईला लागलेलं बघून तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "बघ, तुझ्यामुळं आईला लागलं," आणि अक्षदाला आणखी मारलं.

पुढच्या भेटीला तो गेला नाही.

मग ती दुपार आली. सिंधूबाई खुरपणीवरून परतत होती. अंगणात आली तोच आतून पोरीचं रडणं आणि एक वेगळाच वास आला. तो वास तिला कुणी सांगायला नको होता. ती आत धावली. अक्षदा शेगडीपुढं गुडघ्यावर होती. विक्रमनं डाव्या हातानं तिची वेणी धरली होती आणि उजव्या हातानं तिचा पंजा तापलेल्या तव्यावर दाबून धरला होता.

"ह्याच हातानं मेसेज करती ना? ह्याच हातानं?"

अक्षदाच्या तोंडातून आवाज निघत नव्हता. नुसतं तोंड उघडं होतं.

कोपऱ्यात खलबत्ता होता. सिंधूबाईनं लोखंडी बत्ता उचलला आणि पोराच्या मनगटावर मारला. हाड मोडलं. तो ओरडून मागं कोसळला. तिनं पुन्हा मारलं. त्यानं हात आडवा धरला, तर त्या मोडलेल्या हातावरच मारलं. मग खांद्यावर, मग बरगडीवर. तो सरपटत दाराकडं जात होता आणि ती त्याच्यामागं वाकून मारत होती. आपण कुणाला मारतोय हेही त्या वेळी तिच्या ध्यानात होतं की नाही, देव जाणे. पुढं तिनं अनुपमाला सांगितलं, "हात थांबंना ओ ताई. म्या मनात म्हणत हुते बास, पर हात आपला खालीवर चाललेला."

थांबवलं ते अक्षदानं. भाजलेला हात छातीशी धरून तिनं दुसऱ्या हातानं सासूच्या कमरेला मिठी मारली. "आत्या, सोडा! मरंल तो! आत्या!"

बत्ता खाली पडला. विक्रम उंबऱ्याबाहेर गेलेला होता. सिंधूबाईनं त्याच्याकडं पाहिलं, आणि लोखंडी दार लावलं. आतून कडी घातली.

आधी तो रडला. "आये, दार उघड. माझा हात बघ कसा झालाय." दार उघडलं नाही, तशी शिव्या सुरू झाल्या. मग लाथा. मग डाव्या हातानं दगड. खिडकीची काच फुटून आत सांडली. अक्षदाचा हात पाण्याच्या पातेल्यात होता, सिंधूबाई पोरीला पदराखाली घेऊन तिच्यावर वाकून बसली होती. अक्षदानं डाव्या हातानं पोलिसांना फोन लावला.

पोलिसांच्या आधी गाव आलं. हौसराव आबा दारापाशी आले. आता ते बरेच थकले होते, काठी लागायची.

"सिंधू, दार उघड बाय. आसं करू नगं. पोटचं पोरगं हाय तुझं."

"म्हाईत हाय आबा."

"त्याचा हात लोंबतोय. त्याला दवाखान्यात न्यायला पायजे."

"न्या की. म्या कुठं नगं म्हणते? आन् हिच्यासाठी दुसरी गाडी सांगा. एका गाडीत घालू नगा."

"आगं, नवराबायकूचं हुतंच. आन् घर तरी कुणाचं? तुझ्या मागारी त्याचंच ना?"

सिंधूबाई आतून म्हणाली, "आबा, जागा तुम्ही दिली. तुमचे उपकार हायेत. पर ह्या घरात म्या जित्ती हाय तवर त्याला घ्यायची न्हाई."

गावातल्या बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. कुणी तिला कसाबीण म्हणालं, तेही तिनं आतून ऐकलं.

ग्रामीण रुग्णालयात विक्रमनं डॉक्टरांना सांगितलं की गाडीवरून पडलो. आईनं मारलं हे सांगायची त्याला लाज वाटली. सिंधूबाई मात्र सुनेच्या हाताला पट्टी झाल्यावर थेट ठाण्यात गेली आणि फौजदारापुढं उभी राहिली. "पोरानं सुनेला भाजलं. आन् पोराला म्या मारलं, बत्त्यानं."

"मावशी, मग तुमच्यावरबी केस होईल."

"व्हऊ द्या. लिवा दोनी."

दोन्ही लिहून घेतलं. अनुपमानं वकील मिळवून दिला, सरकारी मदतीतला. संरक्षण अधिकारी घर बघून गेल्या. शिरूरच्या कोर्टानं हुकूम दिला की विक्रमनं त्या घरात पाऊल ठेवायचं नाही. विठाबाई लेकीला न्यायला आली. सिंधूबाईनं तिच्यासमोर खाली मान घातली. "तुम्ही विचारलं हुतं, आन् म्या न्हाई म्हणलं हुतं." विठाबाई लेकीला आणि नातीला घेऊन खुटबावला गेली.

सिंधूबाई घरात एकटी राहिली. फुटलेल्या खिडकीला तिनं खताची पिशवी लावली.

महिन्याभरानं अक्षदा परत आली, पोरगी कडेवर आणि बॅग पायाशी. "आत्या, तिथं भावाचं घर हाय. भावजय रोज इचारती, कवा जानार. हितं ऱ्हाऊ का?"

"इचारती काय? आत ये."

अक्षदा परत आल्याचं कळलं, तसं रखमाजीला निमित्त मिळालं. इतक्या वर्षांचा डूख होता. तो भाच्याकडं गेला. "तुझ्या घरात परक्याची पोरगी ऱ्हाती आन् तू भाड्याच्या खोलीत? कोर्ट गेलं खड्ड्यात. चल, सामान भायेर काढू." विक्रमच्या हातातलं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. बोटं मिटत नव्हती. तो मामाबरोबर गेला. ज्या मामानं त्याला गव्हाणीवर आपटलं होतं, त्याच मामाच्या ट्रॅक्टरवर शेजारी बसून.

सकाळची वेळ होती. रखमाजीनं ट्रॉली दारात लावली आणि पहारीनं दार उचकटायला घेतलं. सिंधूबाई दार उघडून स्वतःच बाहेर आली आणि मागं दार ओढून घेतलं. तिच्या हातात काही नव्हतं.

"दादा, माघारी जा."

रखमाजीनं पहार फिरवली. ती तिच्या कपाळाच्या कडेला लागली. डोळ्यावर रक्ताचा पडदा आला आणि ती दाराला पाठ लावून खाली घसरली, पण दारातून हलली नाही. रखमाजीनं तिचा पाय धरून तिला ओढायला सुरुवात केली. विक्रम ट्रॅक्टरजवळ उभा होता. पुढं झाला नाही, मागंही सरला नाही. "मामा," एवढंच तो म्हणाला, आणि तेही इतकं हळू की कुणाला ऐकू गेलं नाही.

या वेळी बायका आल्या. शेजारी आणखी घरकुलं झाली होती. साळूबाई नावाची एक धिप्पाड बाई धुणं टाकून आली आणि हातातल्या धुणं बडवायच्या धोपाटण्यानं रखमाजीच्या गुडघ्यावर हाणलं. दुसरीनं मिरचीची पूड फेकली. अक्षदानं आतून पोलिसांना फोन केलाच होता. रखमाजी डोळे चोळत लंगडत ट्रॅक्टरकडं गेला, तर चावी कुणीतरी काढून घेतली होती. बायकांनी त्याला त्याच्याच ट्रॉलीखाली धरून चांगला बडवला. पोलीस येईपर्यंत त्याचे दोन दात पडले होते. विक्रमला कुणी हात लावला नाही. तो खाली बसला होता आणि गाडी आल्यावर आपण होऊन आत चढला.

कपाळाला टाके पडले. उजव्या डोळ्यानं सिंधूबाईला आता अंधुक दिसतं. रखमाजी बरेच दिवस आत होता. खटला अजून चालू आहे. विक्रमही काही आठवडे येरवड्याच्या तुरुंगात राहून आला. अनुपमानं त्याला विचारलं, आई मार खात होती तेव्हा तू काय करत होतास? तो म्हणाला, "काय करावं ते कळंना. दहावीत हुतो तवा म्या मामाच्या हाताला लोंबकळलो हुतो. ह्या वक्ताला माझा हातच उचलंना." आता तो सणसवाडीला बिहारी पोरांबरोबर एका खोलीत राहतो आणि एका गोदामावर वॉचमन आहे. मशीनवरचं काम त्या हातानं होत नाही. सिंधूबाईवरची केसही निकाली निघालेली नाही. तारीख पडली की ती जाते.

मध्यंतरी तिनं पंचायतीत जाऊन घराला आपल्या नावाखाली अक्षदाचं नाव लावलं. हौसराव आबा तेव्हापासून तिच्याशी बोलत नाहीत. ती मात्र ते रस्त्यात भेटले की "आबा, रामराम" म्हणते. ते मान वळवतात.

कोर्टानं विक्रमला पोरीला भेटायची परवानगी दिली आहे, पण केंद्रात, अनुपमासमोर. मागच्या खेपेला तो आधीच येऊन बसला होता. पोरीसाठी केळी आणली होती. राजनंदिनी त्याच्याकडं जाईना. आईच्या मागं लपून बघत राहिली. विक्रमनं केळं सोलायला घेतलं. उजव्या हाताची बोटं साथ देईनात, मग डाव्या हातानं आणि दातांनी सोललं, टेबलावर ठेवलं आणि खुर्ची मागं घेतली. बऱ्याच वेळानं पोरगी आली, केळं उचलून परत पळाली.

अक्षदा पोरीला घेऊन व्हरांड्यात गेली, तेव्हा तो आईला म्हणाला, "आये, ह्या हातानं शर्टाचं बटणबी लागत न्हाई."

"दिसतंय मला."

"तुला वाईट वाटत न्हाई?"

"वाटतंय. रोज वाटतंय. भाकरी थापताना वाटतंय."

"मग घरी कवा येऊ?"

सिंधूबाईनं त्याच्या हाताकडं पाहिलं. मग दाराबाहेर व्हरांड्यात पाहिलं. अक्षदा पोरीचं तोंड पुसत होती. भाजलेल्या तळव्याचं कातडं आवळून गेलंय, त्यामुळं तिचा हात पुरता उघडत नाही. मनगटानंच पुसत होती.

"यायचं न्हाई," ती म्हणाली. "जेवण नीट करत जा. वाळलायस."

तो उठून गेला. अनुपमानं पुढची तारीख सांगितली. सासू-सून पोरीला घेऊन शिरूरच्या एसटी स्टँडवर आल्या. शिक्रापूरपर्यंत एसटी, तिथून केंदूरला जीप. गाडी लागलेली होती, खिडकीची जागा मिळाली. गाडी सुटली आणि सिंधूबाईला रडू फुटलं. समोरची माणसं वळून बघायला लागली तरी थांबेना. अक्षदानं पोरीला सासूच्या मांडीवर बसवलं, सासूच्या पाठीवर हात ठेवला आणि कंडक्टरला म्हणाली, "दोन फुल. शिक्रापूर."